हेजकटर्सचा उतरलेला गंधार

मिरजेच्या दौलतराव यशवंत कुंभोजे यांनी माझ्या सख्ख्या बहिणीला फसवलं. मलाही फसवलं, पण माझं मी बघून घेईन. अक्काचं काय? हे मला कळलं ते मिरजेत नाही, विलायतेत. आणि निघालो होतो मी भलत्याच माणसांशी भांडायला. ती माणसं, त्यांचं गाणं आणि ते भांडण यांची ही हकीकत आहे. ज्यांनी विलायत पाहिलेली नाही त्यांनी ती वाचावी. ज्यांनी पाहिली आहे त्यांनीही वाचावी, कारण मी पाहिली ती कुठल्या सहलीच्या यादीत सापडायची नाही.

मी पेट्या बनवतो. लोक हार्मोनिअम म्हणतात, आम्ही पेटीच म्हणतो. कुंभोज्यांच्या कारखान्यात भुसा झाडण्यापासून सुरुवात केली, तिथेच जेवलो, तिथेच फळ्यांच्या ढिगाशेजारी झोपलो, आणि आज त्यांच्याच रस्त्यावर, बरोब्बर समोर, माझं दुकान आहे. अक्काचं लग्न एका डॉक्टरशी ठरलं आणि ती विलायतेला जाणार असं कळलं, तेव्हा तिला द्यायला मी एक पेटी बांधली. पितळी सूर, म्हणजे पेटीत वाजणारी ती जीभ, मुळाशी घासला की उतरतो, टोकाशी घासला की चढतो. अक्काचा गळा मला पाठ होता. ती गायची त्या काळी चार पट्टीला षड्ज धरून गंधार मी केसभर उतरवला, म्हणजे तो षड्जात विरघळतो, कानाला टोचत नाही. कुंभोजे ओरडले, "हा गंधार पडलाय! गिऱ्हाईक पेटी तोंडावर फेकेल." ओरडून झाल्यावर त्यांनी त्याच पेटीवर आपल्या नावाची पितळी पट्टी ठोकली. कारागिराचं नाव पेटीवर येत नाही. आमच्याकडची रीतच ती.

पुढे बऱ्याच वर्षांनी पुण्याचा एक कॉलेजचा पोरगा माझ्या दुकानात आला. "मला असा आवाज पाहिजे," म्हणाला आणि वॉकमन माझ्या कानाला लावला. एक इंग्रज दमल्या गळ्याने गात होता, मागे कुठलीशी गिटार लांबलचक सूर ओढत होती आणि त्या दोघांच्या खाली पेटी. दोन सुरांत मी ती ओळखली. आपलं पोर गर्दीत रडलं तर आईला कळतं ना, तसं. तो माझा गंधार होता आणि भाता ओढणारा हात अक्काचा होता.

बँडचं नाव द हेजकटर्स, म्हणजे कुंपणं छाटणारे. रेकॉर्डच्या पाकिटावर छापलं होतं : हार्मोनिअम, डी. वाय. कुंभोजे. ज्या माणसाला उभ्या जन्मात एक भजन धड वाजवता आलं नाही त्याचं नाव! समोरच्या दुकानात ते पाकीट काचेच्या चौकटीत लटकत होतं. मिरजेच्या सतारी बघायला गोरी पोरं पाठीवर पिशव्या टाकून यायची, ती चौकट पाहून थबकायची, कुंभोज्यांशेजारी उभं राहून फोटो काढायची, आणि हे मान तिरकी करून हसायचे.

मी हिशेब मांडला तो असा : बँडने अक्काकडून वाजवून घेतलं, तिचं नाव विचारायचाही कंटाळा केला आणि पट्टीवर होतं ते उतरवून घेतलं. चोर ते. म्हणून अक्काचा फोन आला की, "बँड पुन्हा जमतोय, जुनी रेकॉर्ड सीडीवर येतेय, मला वाजवायला बोलावलंय आणि पेटीचा भाता फुसफुसतोय, तू ये," तेव्हा मी हत्यारं पिशवीत भरली. भात्यासाठीची आणि भांडणासाठीचीही.

ईलिंग

विमानतळावर कस्टमवाल्याने माझी पिशवी उघडली आणि कानशी, पटाशा, तासण्या एकेक करून ओळीने मांडल्या. त्याचा चेहरा गंभीर होत चालला. समजावून सांगण्याइतकं माझं इंग्रजी नाही. मी एक सुटा सूर काढला, ओठांत धरला आणि फुंकला. स्वच्छ पंचम निघाला. "म्युझिक?" तो म्हणाला. "म्युझिक," मी म्हणालो. एवढ्यावर सुटलो.

न्यायला अक्काची मुलगी मेधा आली होती. जन्म तिकडचाच, लंडनमधल्या ईलिंगच्या कौन्सिलमध्ये नोकरी. मराठी बोलते, पण तिच्या मराठीत सगळं जग पुरुषच असतं.

"मामा, तुझा बॅग किती हेवी आहे! ह्याच्यात काय आणला?"

"तुझ्या आईच्या पेटीचं औषध."

दुसऱ्या दिवशी ती मला जुन्या रेकॉर्डच्या दुकानात घेऊन गेली. दुकान केवढं, तर दोन माणसं समोरासमोर आली की एकाने बाहेर जायचं. मालकाची दाढी पोटापर्यंत. हेजकटर्सची पहिली रेकॉर्ड त्याने मागच्या खोलीतून दोन्ही हातांवर धरून आणली, देवघरातून मूर्ती आणावी तशी. किंमत ऐकून मी म्हणालो, "कोपरा दुमडलाय. निम्मे घे."

"सर, ही रेकॉर्ड निघाली तेव्हा कोणी घेतली नाही," तो म्हणाला. मेधा मला मराठी करून सांगत होती. "आज तुम्ही नाही घेतलीत तर संध्याकाळी दुसरा घेईल."

मग तो बोलतच सुटला. कंट्री म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडची गाणी. पुढे त्यांना जरीचे कोट चढले, व्हायोलिनचे ताफे आले. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिस्टलच्या या चौघांनी ते सगळं उतरवून ठेवलं आणि आपल्याच भागातल्या बंद पडलेल्या डेअऱ्यांवर, लॉरी चालवणाऱ्या बापांवर गाणी रचली. कुठल्या खान्यात ठेवावं हे दुकानदारांनाही कळेना. दुसऱ्या रेकॉर्डने नाव झालं. तिसरी अमेरिकेत जाऊन केली, खर्चिक, गुळगुळीत. पेटी काढून टाकली आणि मोठा ऑर्गन घातला. ती आपटली. गायक आणि बाकीचे एकमेकांचं तोंड बघेनात, बँड मोडला. आणि मोडल्यावर गंमत झाली. अमेरिकेतली, लीड्समधली, कुठकुठली पोरं ती पहिली रेकॉर्ड ऐकून बँड काढायला लागली. त्या गाण्याला आता स्वतंत्र नावही मिळालंय, अल्टरनेटिव्ह कंट्री. "सगळ्यांना तोच उदास आवाज हवा असतो," दाढीवाला म्हणाला. "पण तो कुंभोजेशिवाय कोणालाच जमला नाही. तो वेल्सचा होता. डी. वाय. म्हणजे डाय. तिकडे घरोघरी एक डाय असतो. खाणीत काम करायचा, असं म्हणतात."

माझा पारा चढला. "मिरजेचा आहे! आणि खाणीत सोडा, त्याने स्वतःची फळीसुद्धा कधी उचलली नाही!"

मेधाने याचं काय भाषांतर केलं देव जाणे. दाढीवाल्याने किंमत एका पेनीने कमी केली नाही. रेकॉर्डला प्लॅस्टिकचं पाकीट मात्र फुकट दिलं. त्या देशात घासाघीस करून पदरात पडलेली माझी ही पहिली वस्तू.

कॉव्हेंट्री

अक्काचं घर एका लांबलचक रांगेतलं, शेजाऱ्याच्या घराला चिकटलेलं. दाराशी गुलाब, मागे परसात मेथी आणि कोथिंबीर. दाजी हॉस्पिटलच्या ड्यूटीवर होते. ते कायम ड्यूटीवरच असतात. अक्काने लीक नावाच्या भाजीचं पिठलं केलं होतं. लीक म्हणजे कांद्याच्या पातीचा धिप्पाड थोरला भाऊ. सोबत ज्वारीची भाकरी. पीठ तिने एका पंजाबी दुकानदाराला वर्षभर टोचून टोचून मागवायला लावलेलं. टोचायचा गुण आमच्या घरातलाच.

जेवण झाल्यावर मी रेकॉर्ड टेबलावर ठेवली आणि पाकिटावरच्या नावावर बोट आपटलं. "उद्या ब्रिस्टलला जाऊन मी या चोरांची गचांडी धरतो."

अक्काने हात पुसले. "कोण चोर?"

"हे हेजकटर्स. पट्टीवरचं नाव छापून मोकळे झाले."

"ते नाव मी सांगितलं, शंकर."

मी पाकिटावरचं बोट उचललं.

"त्यांचा गायक मार्टिन म्हणाला, पाकिटावर तुमचं नाव काय टाकू? मला वाटलं, माझ्या नावाचं काय करायचंय? मी काही कलाकार नाही, घरात भजन म्हणणारी बाई. तू कुंभोज्यांकडे राबत होतास. त्यांचं नाव विलायतेच्या रेकॉर्डवर आलं की खूश होतील, तुला चार माणसांत मान देतील, सूर लावायचं काम पुरतं तुझ्या हातात देतील. म्हणून म्हटलं, पेटीवर आहे तेच टाका."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं नाही?" आता अक्काचा आवाज चढला. "रेकॉर्ड पाठवली तुला! तुझ्या नावाने, कारखान्याच्या पत्त्यावर. आत चार पानी पत्र होतं. तू तिथेच राहायचास ना? उत्तर नाही आलं म्हणून मी कुंभोज्यांना कार्ड टाकलं, तर त्यांचं आलं."

ती वर गेली आणि बिस्किटांचा डबा घेऊन आली. त्यात निळं आंतरदेशीय पत्र जपून ठेवलेलं. नाही, चुकलो, परदेशी टपालाचं होतं ते. अक्षर कुंभोज्यांचं. 'रेकॉर्ड पोचली. चि. शंकर आनंदात आहे. पत्र वाचून त्यास फार समाधान वाटले. कामाच्या गडबडीत त्यास लिहिण्यास सवड नाही.'

आता ज्याला समाधान वाटलं तो शंकर त्या वेळी कुठे होता हे सांगतो. 'गंधार पाडतोस' या एका वाक्यावरून आमची जुंपली होती आणि कुंभोज्यांनी मला कपड्याच्या वळकटीसह रस्त्यावर काढलं होतं. मी सांगलीला एका ट्रंकांच्या दुकानात कडी-कोयंडे ठोकत होतो. आणि मनात म्हणत होतो, अक्का विलायतेला गेली, मोठी झाली, भावाला विसरली. ती इकडे म्हणत होती, समाधान वाटलं म्हणे, पण दोन ओळी लिहायचं सुचत नाही याला. चार वर्षं आम्ही एकमेकांना पत्र लिहिलं नाही. पुढे आई आजारी पडली तेव्हा ती आली, बोलणं सुरू झालं, पण रेकॉर्डचा विषय तिने मानी स्वभावामुळे काढला नाही आणि वॉकमनवर ऐकल्यावर मी माझ्या.

मी तेव्हाच, तिथल्या तिथे, मिरजेला फोन लावायला उठलो. अक्का म्हणाली, "आत्ता नको. आधी भाता दुरुस्त कर."

भात्याच्या घडीत चीर गेली होती. मी दुपारभर ती शिवत, चिकटवत बसलो. अक्का शेजारी बसून मेथी निवडत होती. एकाही सुराला हात लावला नाही. लावायची गरजच नव्हती.

ब्रिस्टल

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरव्या टेकड्या आणि शेताशेताला झुडपांची कुंपणं, न्हाव्याने भांग पाडावा तशी छाटलेली. आपल्याकडे बांधावरून खून पडतात. यांचा बांध म्हणजे पाखरांची वस्ती. बँडचं नाव मला तेव्हा कळलं. गायकाचा बाप लॉरी घेण्याआधी हीच कामं करायचा.

अक्का, मेधा आणि मी रॉनकडे उतरलो. रॉन साठीचा, विमानांच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, बँडमधला सगळ्यात वडीलधारा. अक्का आणि दाजी आधी ब्रिस्टलला होते तेव्हा त्याच्या शेजारच्याच घरात राहायचे. मधली भिंत एका विटेची. अक्का रोज संध्याकाळी भजनाला बसली की भिंतीपलीकडून कोणीतरी सूर धरायचं. अक्काला वाटलं, शेजारी चेष्टा करतो. एके दिवशी ती तावातावाने दार वाजवायला गेली, तर रॉनच दारात, हातात मुरंब्याची बरणी.

"मी म्हटलं, बाई, तुमच्या त्या खोक्याची आणि माझ्या गिटारीची मैत्री झाली आहे, आपणही करू या," रॉन मला सांगत होता, मराठी अक्का करत होती. त्याच्या बायकोने क्रम्पेट भाजून आणले. वर भोकंच भोकं, आपली आंबोळीच. फक्त हे लोक तिच्यावर लोणी चोपडून चहाबरोबर खातात. मी सहा खाल्ले. सफरचंदाची दारू, सायडर, तीही दिली. ती मात्र आंबलेल्या कढीसारखी लागली, एका घोटात ठेवून दिली.

रॉनची गिटार मांडीवर घ्यायची नाही, टेबलासारखी उभी असते. खाली पेडल, गुडघ्यांशी दांडे, आणि तारांवरून लोखंडी कांडी सरकवायची. पेडल स्टील म्हणतात. त्याने एक सूर लावला आणि मी ताडकन उठलो. त्याचाही गंधार उतरलेला!

"माझ्या गुरूने असाच लावायला शिकवला," तो म्हणाला. "सूर मोजायचं यंत्र म्हणतं हा चुकीचा आहे. कान म्हणतो बरोबर आहे. सगळे मला हसायचे. मग भिंतीपलीकडून तोच सूर आला. मग बाकीच्यांच्या गिटारी आम्ही त्या खोक्याला लावल्या. खोकं काही ऐकायला तयार नव्हतं."

मिरजेत ज्या सुरापायी माझी भाकरी गेली तो सूर या म्हाताऱ्याने सात समुद्रापलीकडे जपला होता. गचांडी धरायला गेलेला मी, त्याचे हात धरून उभा राहिलो.

पण गायक मार्टिन भेटला तो तालमीच्या हॉलवर, आणि तिथे भांडण झालंच. सडपातळ, केस पिकलेला, बोलायला गोड. सीडीचं पाकीट छापायला जायचं होतं, त्याचा नमुना टेबलावर होता. त्यावर पुन्हा कुंभोजे.

"हे बदला," मी म्हणालो.

मार्टिन अवघडला. मेधा सांगू लागली, "मामा, तो म्हणतोय की लोकांना तो नाव आवडतो. फॅन्सनी त्याचा टी-शर्ट काढला आहे. आता तो नाव त्यांचा नाही, लोकांचा झाला आहे."

"त्याला विचार, तिसऱ्या रेकॉर्डला लोकांनी काय घेतलं? ऑर्गन घेतला का?"

रॉन तोंड फिरवून हसला. मार्टिन लाल झाला आणि म्हणाला, शेवटी आभाराच्या यादीत अक्काचं नाव घालतो. मी म्हणालो, आभार मंडपवाल्याचे मानतात. तो म्हणाला, बरं, कुंभोज्यांच्या खाली, लहान अक्षरांत. मी नमुना उचलला, अक्काची पेटी बंद केली, काखेत मारली आणि दाराकडे चालायला लागलो. दुकान सोडून चालू लागायचं, की भाव उतरतो. ही विद्या ईलिंगमध्ये चालली नाही, म्हणून मनात धाकधूक होती.

दारापर्यंत गेलो तरी हाक येईना. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. मग रॉन शांतपणे म्हणाला, "मार्टिन, मी तर त्या खोक्याबरोबरच जाईन."

मार्टिनने खुर्ची ओढली. "बरं. काय छापू ते सांगा."

"हार्मोनिअम, विमल," मी अक्काकडे बोट केलं. "वरच्या ओळीत, तुमच्याच मापाच्या अक्षरांत. कुंभोज्यांचा ठिपकासुद्धा नको."

"आणि खाली," अक्का इंग्रजीत म्हणाली, "पेटी घडवली आणि सुरात लावली, माझा भाऊ शंकर, मिरज. हे नसेल तर माझंही नको."

मार्टिनने ते लिहून घेतलं. मग पेन ठेवून अक्काला म्हणाला, "मी तेव्हाच पुन्हा विचारायला हवं होतं. मला ते नाव ऐकायला छान वाटलं, म्हणून मी विचारलं नाही." माणूस वाईट नव्हता. आपल्याला सोयीचं ते खरं मानणारा होता. तसे आपण सगळेच.

परत येताना अक्का म्हणाली, "तुझ्या कारखान्यात किती कारागीर आहेत आता?"

"सहा."

"पेट्यांवर पट्टी कोणाची लागते?"

"माझी," मी खिडकीबाहेरच्या कुंपणांना सांगितलं. कुठला प्रश्न कधी विचारावा हे अक्काला लहानपणापासून कळतं.

रविवारी दुपारी कार्यक्रम झाला. हॉल मोठा नव्हता, पण लोक भिंतींना टेकून उभे होते. रंगमंचावर रॉनच्या घरातला गालिचा अंथरलेला, त्यावर अक्का मांडी घालून, मोरपंखी साडी आणि वर करड्या रंगाचा स्वेटर. मार्टिनने तिचं नाव घेतलं. 'विमल' म्हणताना त्याचा 'ल' जरा घसरला, पण नाव तिचंच होतं. लोकांनी केवढा गजर केला! विशी-बाविशीची पोरं, त्यांच्या जन्माच्या आगेमागे निघालेली ती रेकॉर्ड, आणि ओळ न् ओळ पाठ. माझ्या पुढे कुंभोज्यांच्या नावाचा शर्ट घातलेला एक पोरगा होता. मी त्याच्या पाठीकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि पूर्णवेळ बघत राहिलो.

गाणं एका बाईचं होतं, जी बंद झालेल्या डेअरीच्या फाटकाशी सवयीने रोज जाऊन उभी राहते. मार्टिन थांबला. रॉनने कांडी सरकवत सूर खाली आणला, अक्काने भाता दाबला आणि दोन्ही गंधार एकमेकांत असे मिसळले की कुठला ब्रिस्टलचा आणि कुठला मिरजेचा हे मला, तो घासणाऱ्याला, सांगता आलं नाही. मेधा म्हणाली, "मामा, रडू नको." मी म्हणालो, सायडर डोळ्यांत गेली.

मिरज

सीडी आली. वरच्या ओळीत अक्का आहे, खाली मी आहे. ती घेऊन मी रस्ता ओलांडला आणि कुंभोज्यांच्या गादीसमोर ठेवली. त्यांनी चष्मा चढवून दोन्ही ओळी वाचल्या. "जुन्या गोष्टी," म्हणाले, "कशाला उकरतोस?" आणि मला चहा मागवला. मी घेतला नाही.

तेव्हा आता सगळ्यांसमक्ष विचारतो. कुंभोजे, भिंतीवरची ती चौकट तुम्हाला लखलाभ. रेकॉर्डही ठेवा, मी दुसरी विकत घेतली आहे. पण त्या पाकिटात माझ्या नावाचं चार पानी पत्र होतं. ते तुम्ही फोडलंत, वाचलंत आणि मला समाधान वाटल्याचं माझ्या बहिणीला कळवलंत. त्यात काय लिहिलं होतं ते अक्काला आता आठवत नाही, आणि मी ते एकदाही वाचलेलं नाही. ते वाचलेला जगात एकच माणूस आहे. ते पत्र कुठे आहे? जाळलं असेल तर समोर या, मान वर करा आणि त्यात माझ्या अक्काने मला काय लिहिलं होतं, ते पहिल्या ओळीपासून सांगा.